सुई ते सुई : चव्वेचाळीस तास

"मॅडम, अमेरिका किती लांब आहे हो?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारायचे, "कशात सांगू? किलोमीटरमध्ये, विमानाच्या तासांत, की तुमच्या घराच्या दारापासून?" गिऱ्हाईक गोंधळायचं. ही बाई सरळ उत्तर देत नाही, असं बहुतेकांचं मत होतं. मी सरळच उत्तर देत होते. दोन गावांमधलं अंतर एकच असतं हा समज मुळातच चुकीचा आहे आणि तो लोकांच्या डोक्यातून काढण्यात माझी एकतीस वर्षं गेली.

स्टेशन रोडवरच्या एका छोट्या तिकीट ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता छत्रपती संभाजीनगर झालं, आमच्या ऑफिसची पाटी बदलली, पण विमानाच्या तिकिटावर चिकलठाण्याची तीन अक्षरं जुनीच राहिली : आय, एक्स, यू. ती बघून आजही लोक विचारतात, हे कुठलं गाव. गेल्या वर्षी मी खुर्ची सोडली. हजारो माणसं मी जगभर धाडली असतील, स्वतः मात्र दोनदाच विमानात बसले. दोन्ही वेळा मुंबईला, आणि दोन्ही वेळा खिडकी मिळाली नाही.

धंदा बाहेरून सोपा दिसतो. कॉम्प्युटरवर दोन गावांची नावं टाकली की वेळ येते, हे तर आता शाळेतलं पोरही करतं. पण ती वेळ कशी वाचायची हे कॉम्प्युटर सांगत नाही. माझ्या टेबलावर एक पृथ्वीगोल होता आणि खणात गोधडी शिवायच्या काळ्या दोऱ्याचं रीळ. गोलावर दिल्लीला बोट धरून दोरा टोकियोपर्यंत ताणला की तो भिंतीवरच्या नकाशासारखा सरळ जात नाही, उत्तरेला चीनच्या अंगाने वाकतो. तो खरा जवळचा रस्ता. दोऱ्याची लांबी मोजली की सहा हजार किलोमीटरच्या आतबाहेर अंतर येतं. पण विमान या दोऱ्यावरूनही जात नाही. मध्ये उंच डोंगर असतात, कुणाचं आकाश बंद असतं, कुठे वादळ असतं. त्यात वारा. एवढ्या उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो आणि हिवाळ्यात तर पिसाळतो. त्यामुळे जाताना साडेसात तास लागतात तिथून येताना नऊ-साडेनऊ लागतात. अंतर तेच, विमान तेच.

आणि सगळ्यात मोठा घोळ घड्याळाचा. वाळूजच्या कंपनीत मशीनवर काम करणारा बजाजनगरचा एक जण ट्रेनिंगसाठी जर्मनीला निघाला होता. तिकीट हातात घेऊन त्याने वेळा वजा केल्या आणि माझ्यापुढे बोट नाचवलं. "मॅडम, जाताना पाच तास अन् येताना बारा? येताना ते विमान मधी जेवायला थांबतं काय?" तिकिटावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची असते आणि पोचायची तिथल्या घड्याळाची, हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला. शेवटी तो म्हणाला, "म्हंजी तिकिटावर लिवलंय ते खोटंच हाय ना?" मी हो म्हणून टाकलं.

अशा माणसांसाठी मी पट्टी काढली. ऑफिसात बेरजेच्या मशीनचं कागदी रीळ असायचं. त्यातली हातभर पट्टी फाडायची आणि तिच्यावर बोटाबोटावर तास मांडायचे. घड्याळ एकच, भारतातलं. माणूस जगात कुठेही असो, पट्टीवर आपलेच वाजलेले. घरातून निघाला इथे, विमान सुटलं इथे, पोचला इथे. बोटं मोजा, तेवढे तास. हिशेबाला यापेक्षा खरी गोष्ट माझ्या पाहण्यात नाही, आणि या पट्टीचा मला नको तेवढा अभिमान होता.

शहागंजचे एक हाजीसाहेब, कापडवाले, मुलाकडे लंडनला निघाले होते. आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "रमज़ान में जारा हूँ मैं. रोज़ा कित्ता लंबा पड़ेंगा, वो नाप के देव." मी पट्टी काढली. दुपारचं विमान, पश्चिमेला जाणारं, म्हणजे सूर्याच्या मागे धावणारं. मुंबईत सूर्य मावळायची वेळ झाली तरी त्यांच्या खिडकीत ऊन असणार. रोजा पाच तासांनी लांबत होता. मी म्हटलं, "हाजीसाहेब, प्रवासात सूट असते ना तुमच्यात?" ते म्हणाले, "है. मगर लेना नईं. आप खिड़की की सीट देव, सूरज पे नज़र रखनी है." परत आल्यावर खजुराचा डबा घेऊन आले. माझी वेळ दहा मिनिटांनी चुकली होती, तेही ऐकवलं.

दहा मिनिटं चुकणं मी हसण्यावारी नेलं. साडेतीन तास चुकले, ते मात्र सांगायला अजूनही जड जातं.

प्रभाकर साळवे वेरूळचे. जपानी पर्यटकांना लेणी दाखवणारे गाईड. आमची ओळख पंचवीस वर्षांची, कारण त्यांच्या पाहुण्यांच्या परतीच्या तिकिटांचे घोळ निस्तरायला ते माझ्याकडे यायचे. जपानी ते कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. लेण्यांपुढे पाहुण्यांच्या मागे फिरून, एकेक शब्द वहीत उतरवून शिकले, आणि मग तीच वही पुढे धरून त्यांनी मुलीला शिकवलं. मुलगी प्रज्ञा त्या भाषेच्या जोरावर जपानला गेली. टोकियोच्या विमानतळापासून तासाभराच्या गावात, म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या नोकरीवर. त्याला पाच वर्षं झाली होती. मधल्या काळात साळव्यांची बायको गेली आणि त्यांची स्वतःची मूत्रपिंडं निकामी झाली.

एका दुपारी ते आले. डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली, सुया टोचून टोचून. "जय भीम मॅडम," म्हणाले. "मला प्रज्ञाकडं जायचंय. तिला सुट्टी घेऊन इकडं येता येत नाय, नोकरीची शर्त हाय. मीच जाऊन येतो. पर माझं अंतर येगळंय. तुम्हालाच मोजता येईल."

त्यांचं अंतर खरंच वेगळं होतं. आठवड्यातून चार दिवस, सोम-बुध-शुक्र-शनि, ते शहरात येऊन डायलिसिस घ्यायचे. चार तास यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यायचं. एकदा सुई निघाली की पुन्हा सुई लागेपर्यंत चव्वेचाळीस तासांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इतरांना चालतं, पण साळव्यांच्या छातीत पाणी भरायचं. एकदा यंत्र बिघडल्याने पन्नास तास झाले तर त्यांना अतिदक्षता विभागात ठेवायला लागलं होतं. म्हणजे चिकलठाणा ते टोकियो किती, हा प्रश्नच नव्हता. इथल्या सुईपासून तिथल्या सुईपर्यंत किती, हा होता.

आधी मी नाही म्हटलं. घाबरले, दुसरं काय. साळवे उठले नाहीत. "डॉक्टर व्हय म्हणलेत, प्रज्ञाने तिथलं हॉस्पिटल ठरवलंय. तुम्हीच नाय म्हणता. तुमाला काय फक्त धडधाकट माणसांचीच तिकिटं काढता येतात का?"

हे मला लागलं. त्याच दिवशी मी पट्टी फाडली.

जाण्याची पट्टी सोपी निघाली. सोमवारी अकराला सुई निघणार, दुपारी चिकलठाण्याहून दिल्ली, रात्रीचं टोकियोचं विमान, बुधवारी सकाळी तिथल्या हॉस्पिटलात सुई. भरपूर तास हातात. व्हिसा पंधरा दिवसांचा होता. परतीला मात्र वाऱ्याविरुद्धचा प्रवास, वर दिल्लीला पोचेपर्यंत आमच्या शहराचं शेवटचं विमान गेलेलं. रात्र दिल्लीत काढून बुधवारी पहाटेचं विमान धरायचं आणि आठ वाजता इथे सुई. म्हणून सोमवारी तिथे सुई नेमकी किती वाजता निघते, यावर सगळं अवलंबून होतं. मी प्रज्ञाला सांगितलं होतं, मला सगळ्या वेळा भारताच्या घड्याळात कळव. तिने कळवल्या : ट्रेन, विमानतळ, सगळं. हॉस्पिटलच्या वेळांचा तेवढा छापील कागद पाठवला. त्यावर शेवटच्या सोमवारपुढे होतं, आठ ते बारा. मी पट्टीवर बारा मांडले. बारापासून बुधवारी सकाळी आठपर्यंत, बरोबर चव्वेचाळीस. काठोकाठ. ती पट्टी मी ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवली होती, हे आठवलं की अजून कान गरम होतात.

साळवे गेले, सुखरूप पोचले. पंधरा दिवसांत प्रज्ञाचे दोन-तीन फोटो आले. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी सकाळी मी घरी पोहे परतत होते तेव्हा तिचा फोन आला. "मॅडम, पप्पांचं शेवटचं डायलिसिस झालं. आत्ताच सुई निघाली. उद्या सकाळी विमानात बसवते."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ वाजले होते.

कढईखालचा गॅस मी बंद केला. पट्टीवर सुई बाराला निघत होती. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. कागदावरचे बारा तिथले बारा होते. एकतीस वर्षं मी जगाला सांगितलं की तिकिटावर दोन घड्याळं असतात, आणि जपानच्या हॉस्पिटलच्या कागदावर मी आपलं घड्याळ वाचलं, कारण माझ्या पट्टीवर दुसरं घड्याळ कधी येतच नव्हतं. चव्वेचाळीस तास बुधवारी पहाटे साडेचारला संपणार होते. माझी सुई आठला होती. साडेसत्तेचाळीस तास.

माझ्या मनात काय आलं तेही सांगते. प्रज्ञालाच मी भारताच्या घड्याळात वेळा मागितल्या होत्या, चूक तिची म्हणता आली असती. हा विचार माझ्या डोक्यात दोन मिनिटं तरी होता. त्याची मला लाज वाटते. मग मी फोन लावला आणि साळव्यांना द्यायला सांगितला.

"साळवे, माझी चूक झालीय. परतीत साडेतीन तास जास्त होतायत. मी तिथलं घड्याळ धरलंच नाही."

ते म्हणाले, "तुमची चूक तुमच्यापाशी ठेवा मॅडम, ती नंतर बघू. आता करायचं काय ते सांगा."

"तिथं अजून एक दिवस राहता येईल का?"

"व्हिसा उद्या संपतोय. अन् इथं बेड नाय रिकामा, प्रज्ञानं आत्ताच इचारलं."

"मग दिल्लीत उतरल्या उतरल्या सुई लावायची. उद्या संध्याकाळी. मी बघते."

"बघा. मी तवर पाण्याला हात लावत नाय." जास्तीचं पाणी छातीत जातं, हे ते कुणाहीपेक्षा जास्त जाणून होते.

ऑफिसात जाऊन मी दिल्लीत विमानतळाच्या आसपासच्या डायलिसिसच्या जागांची यादी काढली आणि फोन सुरू केले. पहिलीकडे नवा पेशंट घेत नव्हते. दुसरीकडे आधी त्यांच्या डॉक्टरला दाखवायचं, मग आठवड्याने नंबर. तिसरीकडे बाई माझं ऐकून घ्यायच्या आतच फोन ठेवायची. तिला मी चार वेळा केला. दुपारी जेवायला गेले नाही. आमचे मालक म्हणाले, "मॅडम, आपण तिकिटं विकतो, दवाखाना चालवत नाही." मी त्यांना म्हटलं, दार ओढून घ्या, आवाज येतो. एवढ्या वर्षांत मालकांना असं मी पहिल्यांदाच बोलले.

अकरा ठिकाणी नकार मिळाल्यावर मला सुचायला हवं होतं ते सुचलं. साळवे ज्या दवाखान्यात डायलिसिस घेत तिथले यंत्र चालवणारे टेक्निशियन अस्लमभाई. मी रिक्षा करून गेले आणि सगळं सांगितलं, चूक कुणाची हेसुद्धा. अस्लमभाईंनी हातमोजे काढले. "साळवे मामू का काम है ना? बैठो तुम. दिल्ली में अपना एक बंदा है, मेरे हाथ के नीचे सीखा हुआ."

तो बंदा म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या कन्नड गावचा संतोष. तोही टेक्निशियन, विमानतळापासून वीस मिनिटांवरच्या एका केंद्रात. अस्लमभाईंनी स्पीकर लावला. संतोष म्हणाला, "साडेसहाचा बेड देतो, पण मला त्यांचे रक्ताचे रिपोर्ट लागतील. अन् शेवटच्या डायलिसिसचा कागद. वजन किती, पाणी किती काढलं, औषध किती दिलं. त्याच्याबिगर आमचे डॉक्टर हात लावू देणार नाहीत."

रक्ताचे रिपोर्ट अस्लमभाईंच्या फाइलीत होते. शेवटचा कागद जपानी भाषेत होता. प्रज्ञाने तो पाठवला तेव्हा अस्लमभाईंनी मोबाइल उभा-आडवा धरून पाहिला आणि परत दिला. मी म्हटलं, याचं भाषांतर कोण करणार? तासाभराने प्रज्ञाकडून फोटो आला. वहीच्या पानावर साळव्यांनी स्वतः, ओळ न ओळ, हिंदीत उतरवून काढला होता. वजन, रक्तदाब, औषध, वेळ. वेळेपुढे कंसात त्यांनी लिहिलं होतं, 'जपानी घड़ी'. तो टोमणा मला होता, आणि मी तो घेतला.

मंगळवारी सकाळी आठला, म्हणजे आपल्या आठला, विमान सुटलं. छापील वेळ नऊ तास वीस मिनिटं. पण छापील वेळेवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुठलं विमान खरोखर किती वाजता टेकलं याची मी वही ठेवायचे, आणि हिवाळ्यात ते विमान पन्नास मिनिटांपर्यंत उशीर करतं हे तिच्यात होतं. म्हणूनच संतोष आधी साडेसहाचा बेड देत होता तो मी साडेसातचा मागून घेतला होता. दिवसभर मी कॉम्प्युटरवर ते विमान बघत बसले. चीनवर ते रांगत असल्यासारखं दिसत होतं. समोरून वारा. शेवटी सहा वाजून दहा मिनिटांनी टेकलं, बरोबर पन्नास मिनिटं उशिरा. आयुष्यात एकदाच मला माझ्या वहीचा राग आणि आनंद दोन्ही आले.

पावणेआठला संतोषचा फोन आला. "मॅडम, मामांना सुई लागली. पाणी साठलंय, धाप हाय थोडी, पण ऑक्सिजन लागला नाही." मी तारखा-वेळा मांडल्या. पस्तीस तास आणि थोडी मिनिटं. मग टेबलावर डोकं ठेवून रडले. मालकांनी चहा आणून ठेवला.

बुधवारी सकाळी मी चिकलठाण्याला गेले. साळवे व्हीलचेअरवरून बाहेर आले, चेहरा उतरलेला, पण डोळे ताजे. मी माफीचं वाक्य घरून जुळवून नेलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. पोरीनं काय केलं माहितंय का? मला वाटलं होतं, तिथं गेल्यावर ती कामाला जाईल अन् मी खोलीत बसून ऱ्हाईन. दिवसभर ती लोकांच्या बापांना उचलते, न्हाऊ घालते. मी बघितलं ते. पण माझ्या डायलिसिसच्या दिवशी ती पाळी बदलून घ्यायची अन् माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायची. मला तर जागचं हलता येत नाय, तिलाबी कुठं जायचं नसायचं. चार-चार तास मॅडम, आठ वेळा. ती लहान होती तवा मी लेण्यांवर असायचो, मोठी झाली तर ती निघून गेली. इतका वेळ आम्ही बाप-लेक एका जागी कधी बसलोच नव्हतो."

त्या प्रवासाचा मिनिट न मिनिट मी मोजला होता आणि डायलिसिसचे चार तास दर वेळी सोडून दिले होते, कारण तेव्हा माणूस कुठेच जात नसतो.

"आता बोला," साळवे म्हणाले, "पुन्यांदा कवा नेता?"

डॉक्टर पुन्हा परवानगी देतील की नाही, शरीर साथ देईल की नाही, मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. मी त्यांची बॅग उचलली आणि म्हटलं, "आता दिल्लीपासून मोजायचं, म्हणजे पुढची सुई उद्याच. ती निघाली की सरळ ऑफिसात या. बसून मोजू."